स्मृती, निद्रा आणि समस्या-परिहार
वैद्यकीय व्यवसायास आवश्यक अशा मानसशास्त्राची तोंडओळख

दरवर्षी माघ-फाल्गुनाच्या सुमारास, म्हणजेच दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या की, सातारा, कराड, वाई, फलटण, सांगली, मिरज, तासगाव, विटा अशा सर्वच ठिकाणच्या औषधी दुकानांतून एका विशिष्ट औषधाची मागणी वाढते. ‘लक्षात राहण्यासाठी काहीतरी द्या’ अशी ती मागणी असते. याच दोन जिल्ह्यांतील चिकित्सालयांतून वर्षभर दुसरी एक तक्रार ऐकू येते, ती म्हणजे झोप न येण्याची. पहिल्या तक्रारीसाठी मेध्य कल्प आणि दुसरीसाठी निद्राजनक कल्प दिला जातो. परंतु या दोन तक्रारींचा एकमेकींशी अत्यंत निकटचा संबंध आहे, आणि पुष्कळदा दुसरी दूर केल्यावाचून पहिलीस उतार पडत नाही, हे रुग्णास सांगितले जातेच असे नाही. प्रस्तुत लेखात स्मृती, निद्रा व समस्या-परिहार या मानसशास्त्रातील तीन प्राथमिक संकल्पनांचा परिचय आम्ही करून देत आहोत. आयुर्वेदीय संहितांतील विचार व आधुनिक प्रयोगांचे निष्कर्ष शेजारी ठेवून आपल्या व्यवसायास त्यांतून काय घेता येईल, एवढाच मर्यादित हेतू त्यामागे आहे.

१. स्मृती म्हणजे काय?

आधुनिक मानसशास्त्र स्मृतीचे तीन व्यापार मानते : ग्रहण, धारण आणि स्मरण. विषय प्रथम मनात शिरावा लागतो, मग तो टिकावा लागतो आणि वेळेवर बाहेर काढता यावा लागतो. यांपैकी कोणत्याही एका पायरीवर अडथळा आला तरी रुग्ण एकच वाक्य बोलतो, ‘माझ्या लक्षात राहत नाही.’ वैद्याने मात्र अडथळा कोणत्या पायरीवर आहे हे शोधले पाहिजे. ज्याचे लक्षच वर्गात नव्हते त्याच्या धारणशक्तीस दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला घरी सर्व येते पण परीक्षागृहात काहीच आठवत नाही, त्याचा दोष स्मरणाच्या पायरीवर, बहुधा भयामुळे, असतो.

ग्रहणाची पायरी फार अरुंद आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली असे मांडले की, मनुष्य एका वेळी सुमारे सात घटक मनात धरू शकतो. नंतरच्या संशोधकांनी ही संख्या चारच्या आसपास आणली. मात्र हे घटक लहानच असले पाहिजेत असे नाही. दहा आकड्यांचा दूरध्वनी क्रमांक आपण तीन-चार गटांत पाडून लक्षात ठेवतो. दशमूळाची दहा द्रव्ये सुटी पाठ करणाऱ्यापेक्षा बृहत्पंचमूळ व लघुपंचमूळ असे दोन गट करणाऱ्यास ती लवकर येतात. पूर्वाचार्यांनी गण, वर्ग व पंचके का बांधली याचे एक कारण यात सापडते.

धारणाचा पहिला पद्धतशीर अभ्यास हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने केला व तो १८८५ साली प्रसिद्ध झाला. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो स्वतःच पाठ करी व ठराविक काळाने तीच यादी पुन्हा पाठ करण्यास किती कमी श्रम लागतात हे मोजी. वीस मिनिटांनंतर ही बचत सुमारे ५८ टक्के, एका तासानंतर ४४ टक्के, सुमारे नऊ तासांनंतर ३६ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि एकतीस दिवसांनंतर २१ टक्के भरली. म्हणजे विस्मरण सुरुवातीस वेगाने होते व पुढे मंदावते. या आकड्यांत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पहिल्या एका तासात चाळीस टक्क्यांहून अधिक गमावले जाते, पण नऊ ते चोवीस तासांच्या दीर्घ अवधीत जेमतेम दोन टक्के. या अवधीत रात्रीची झोप येते. तिच्याकडे आपण पुढे वळणारच आहोत.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील पहिल्या अध्यायात स्मृती उत्पन्न होण्याची आठ कारणे सांगितली आहेत : निमित्त, रूपग्रहण, सादृश्य, सविपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुनःश्रुत. आजच्या भाषेत बोलायचे तर यांतील पहिली चार स्मरणास चालना देणाऱ्या खुणांविषयी आहेत. कारण पाहून कार्य आठवते, आकार पाहून वस्तू आठवते, सारखे पाहून सारखे आणि विरुद्ध पाहून विरुद्ध आठवते. सत्त्वानुबंध म्हणजे मनाची एकाग्रता; ती ग्रहणाची अट आहे. अभ्यास व पुनःश्रुत यांचा संबंध पुनरावृत्तीशी, तर ज्ञानयोगाचा तत्त्वज्ञानाशी आहे. चरकाचार्यांस आधुनिक प्रयोग ठाऊक होते असे म्हणण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. निरीक्षणातून निघालेले वर्गीकरण व मोजमापातून निघालेला निष्कर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु रुग्णास प्रश्न विचारताना ही आठ कारणे उत्तम चौकट पुरवितात, हे मात्र निश्चित.

२. वाईची पाठशाला आणि पाठांतराचे शास्त्र

स्मृतिसाधनेचे उदाहरण शोधण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. कृष्णाकाठची वाई वेदशास्त्राध्ययनासाठी प्रसिद्ध आहे. तेथील प्राज्ञपाठशाळेची स्थापना नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढील आयुष्यातील स्वामी केवलानंद सरस्वती, यांनी केली. धर्मकोशाचे प्रचंड कार्य याच संस्थेतून उभे राहिले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे येथीलच विद्यार्थी.

वेदपठणाच्या परंपरेत संहितेनंतर पद, क्रम, जटा, घन असे पाठ येतात. घनपाठात पहिले पद व दुसरे, मग दुसरे व पहिले, मग पहिले-दुसरे-तिसरे, मग तिसरे-दुसरे-पहिले आणि पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे अशा क्रमाने म्हणत पुढे जावे लागते. एकच वाक्य तेच-ते घोकण्यापेक्षा ही रीत निराळी आहे. पदांचा क्रम उलटसुलट होत असल्याने विद्यार्थ्यास प्रत्येक वेळी पद मनातून नव्याने काढावे लागते. जीभ आपोआप पुढे धावू शकत नाही. शिवाय गुरूसमोर म्हणून दाखविण्याचा नेम असल्याने चूक तेथल्या तेथे सुधारते.

याच तत्त्वाची कसोटी अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक यांनी २००६ साली घेतली. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने मात्र आठवणारांना सुमारे ६१ टक्के, तर वाचणारांना सुमारे ४० टक्केच मजकूर आठवला. पुस्तक पुन्हापुन्हा वाचल्याने ‘येते’ असे वाटते. पुस्तक मिटून आठवल्याने खरोखर येते.

वेदपाठी पंडितांच्या मेंदूचे चित्रण करून केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात तुलनेच्या गटापेक्षा पंडितांच्या मेंदूतील स्मृतीशी संबंधित काही भागांत करड्या द्रव्याचे प्रमाण अधिक आढळले. पाठांतराने मेंदू बदलला की मुळात तशा मेंदूची मुलेच या मार्गात टिकली, हे अशा एकाच वेळच्या चित्रणातून ठरविता येत नाही. म्हणून या अभ्यासाचा जाहिरातीसारखा वापर वैद्यवर्गाने करू नये.

वाईचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, पाठांतराच्या या गावातच मराठी विश्वकोशाचे संपादनकार्य तर्कतीर्थांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले व त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. मुखोद्गत विद्येच्या अभिमान्यांनीच लिखित विद्येचा एवढा मोठा साठा केला. सारे मनात ठेवण्याचा अट्टाहास न करता काय पाठ असावे व काय कागदावर असावे याचा विवेक करणे हेही स्मृतीचेच अंग आहे. प्रत्येक रुग्णाचा लेखी कागद ठेवण्याविषयी आम्ही वारंवार आग्रह धरतो तो याच कारणासाठी.

३. निद्रा : विश्रांती की कार्य?

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, हे आपणा सर्वांस विदित आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अष्टौनिंदितीय अध्यायात निद्रेचे विस्तृत विवेचन केले असून तमोभवा, श्लेष्मसमुद्भवा, मनःशरीरश्रमसंभवा, आगंतुकी, व्याध्यनुवर्तिनी व रात्रिस्वभावप्रभवा असे सहा प्रकार सांगितले आहेत. यांतील रात्रिस्वभावप्रभवा हीच खरी भूतधात्री निद्रा मानली आहे.

निद्रा म्हणजे मेंदूचे केवळ बंद होणे, अशी समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळांची होती. १९५३ साली असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींची अवस्था वर्णन केली आणि ती समजूत मागे पडली. आज आपल्याला ठाऊक आहे की, रात्रीच्या झोपेत सुमारे नव्वद मिनिटांची चार ते सहा आवर्तने होतात. पूर्वरात्री गाढ, मंद-तरंगी झोपेचा भाग अधिक असतो. उत्तररात्री जलद नेत्रगतीची, स्वप्नबहुल झोप वाढते.

निद्रा व स्मृती यांचा संबंध १९२४ साली जेंकिन्स व डॅलनबाख यांनी प्रयोगाने दाखविला. दोन विद्यार्थ्यांना दहा-दहा निरर्थक अक्षरे पाठ करावयास लावून एकदा आठ तासांच्या झोपेनंतर व एकदा आठ तासांच्या जागृतीनंतर विचारले गेले. झोपेनंतर निम्म्याहून अधिक अक्षरे आठवली. जागृतीनंतर जेमतेम एक. प्रारंभी याचे स्पष्टीकरण असे दिले गेले की, झोपेत नवे काही मनात येत नाही म्हणून जुने पुसले जात नाही. पुढील संशोधनाने त्यात भर घातली. दिवसा झालेल्या अनुभवांच्या वेळी मेंदूतील ज्या पेशी कार्यरत होत्या, त्याच पुढील झोपेत पुन्हा उद्दीपित होतात, असे १९९४ साली उंदरांवरील प्रयोगात दिसले. गाढ झोपेत तात्पुरत्या साठ्यातील विषय कायमच्या साठ्याकडे जातो असे आज मानले जाते. थोडक्यात, अभ्यास दिवसा होतो, पण त्याची जमाखात्यातील नोंद रात्री होते. रात्रभर जागून वाचणारा विद्यार्थी माल आणतो आणि कोठाराचे दार बंद ठेवतो.

आता आपल्या भागाकडे पाहू. कृष्णा, वारणा, कोयना, येरळा यांच्या काठचा ऊसपट्टा आणि उपसा सिंचनाचे पाणी पोहोचलेली दुष्काळी गावे या दोन्ही ठिकाणी शेतकऱ्याची झोप विजेच्या वेळापत्रकावर अवलंबून राहत आली आहे. शेतीपंपांना आळीपाळीने दिवसा व रात्री वीज मिळत असल्याने दारे धरण्यासाठी रात्री शेतात जावे लागते. सौर ऊर्जेच्या साहाय्याने शेतीस दिवसा वीज देण्याची राज्य शासनाची योजना २०१७ साली सुरू झाली व २०२३ साली तिला नव्याने गती देण्यात आली, ती याच अडचणीमुळे. गळीत हंगामात साखर कारखाने तिन्ही पाळ्यांत चालतात. ऊसतोड कामगार पहाटेपूर्वी उठतात, ऊसवाहतूक करणारे रात्र रस्त्यावर काढतात. हा रुग्ण जेव्हा ‘अंग दुखते, चिडचिड होते, काही ध्यानात राहत नाही’ म्हणून येतो, तेव्हा प्रथम त्याची पाळी विचारावी, मग नाडी पाहावी.

अशा रुग्णांसाठी वाग्भटाचार्यांनी दिलेला नियम आजही तितकाच उपयुक्त आहे. सवय नसताना रात्री जागरण घडल्यास जागरणाच्या निम्मा काळ दुसऱ्या दिवशी सकाळी, काही न खाता, झोपावे असे अष्टांगहृदय सांगते. रात्रीच्या जागरणाने रूक्षता व दिवसाच्या झोपेने स्निग्धता वाढते, ही त्यामागील मीमांसा होय. अर्थात मेद व कफ अधिक असणाऱ्यांनी व नित्य स्नेह घेणाऱ्यांनी दिवसा झोपू नये, हा अपवाद विसरता कामा नये. व्यवहारात रात्रपाळीच्या रुग्णास एवढे सांगावे : घरी आल्यावर पोटभर जेवण करून न झोपता आधी झोप घ्यावी, खोलीत अंधार करावा आणि आठवडाभर झोपेची वेळ शक्य तितकी एकच ठेवावी.

४. मोहित्यांचे वडगाव : एका गावाचा उपाय

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. कोविडच्या काळात शाळा बंद असल्याने मुलांच्या हाती अभ्यासासाठी भ्रमणध्वनी आले आणि शाळा सुरू झाल्यावरही ते सुटेनात. यावर २०२२ सालच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने एक निर्णय घेतला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी दूरचित्रवाणी संच व भ्रमणध्वनी बंद ठेवायचे. या वेळात मुलांनी अभ्यास करावा आणि मोठ्यांनी वाचन किंवा परस्परांशी संभाषण करावे. तत्कालीन सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने हा उपक्रम सुरू झाला. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी जाऊन तो समजावून सांगितला. पुढे राज्यातील इतर काही गावांनीही त्याचे अनुकरण केले.

भोंग्यामुळे मुलांची स्मृती वाढली असा दावा आम्ही येथे करीत नाही. परंतु या उपायात मानसशास्त्राची तीन तत्त्वे आपोआप साधली गेली आहेत. पहिले, सत्त्वानुबंध : दीड तास मन एका विषयावर राहू शकते. दुसरे, निश्चित वेळेची खूण : भोंगा वाजला की अभ्यासास बसण्याची सवय जडते, रोज मनाशी झगडावे लागत नाही. तिसरे, सामाजिक आधार : केवळ आपल्याच मुलाचा यंत्र हातातून काढला तर घरात भांडण होते, साऱ्या गावाचे बंद झाले तर कोणाला काही गमावल्यासारखे वाटत नाही. शिवाय अभ्यास साडेआठपर्यंत उरकला की वेळेवर निजण्याची शक्यता वाढते. तेरा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप लागते. या वयात झोपेची नैसर्गिक वेळ थोडी पुढे सरकते. त्यात अंथरुणात प्रकाशाचा पडदा डोळ्यांसमोर राहिला तर ती आणखी लांबते आणि शाळा मात्र सकाळचीच असते.

या उपायास खर्च जवळजवळ नाही आणि औषधाची बाटली तर मुळीच लागत नाही. असा सल्ला दिल्याने आपल्या व्यवसायाची हानी होईल असे कोणी मानू नये. मुलाचा गुण येतो तो वैद्याच्या नावावर जमा होतो.

५. समस्या-परिहार : वैद्याच्या मनाचे व्यापार

आतापर्यंत रुग्णाच्या मनाचा विचार केला. आता वैद्याच्या मनाकडे वळू, कारण निदान करणे हा समस्या-परिहाराचाच एक प्रकार आहे.

१९४२ साली लुचिन्स यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तीन भांडी आहेत. त्यांत अनुक्रमे २१, १२७ व ३ माप पाणी मावते. १०० माप पाणी काढावयाचे आहे. मोठे भांडे भरून त्यातून पहिले एकदा व तिसरे दोनदा भरून काढले की १०० उरते. याच रीतीने सुटणारी काही उदाहरणे सोडविल्यानंतर २३, ४९ व ३ मापांच्या भांड्यांनी २० माप काढण्यास सांगितले. बहुसंख्यांनी जुनीच लांब रीत वापरली. वस्तुतः २३ मधून ३ वजा केले की काम होते. पूर्वी यशस्वी ठरलेली रीत डोळ्यांवर झापड आणते, ती अशी.

आपल्या चिकित्सालयात ही झापड कशी दिसते? अनिद्रा म्हटली की वातप्रकोप, वातप्रकोप म्हटला की ठराविक कल्प. दहा रुग्णांस गुण येतो. अकरावा रुग्ण स्थूल आहे, मोठ्याने घोरतो, झोपेत त्याचा श्वास मध्येच थांबतो व दिवसा तो डुलक्या घेतो. त्याची तक्रारही ‘झोप नीट होत नाही’ अशीच असते. पण त्यास गुंगी आणणारे औषध दिल्यास अपाय संभवतो. त्यास निद्रा-तपासणीसाठी पाठविणे अगत्याचे असते. दुसरा दोष असा की, एकदा मनात निदान बसले की त्यास अनुकूल तेवढेच आपण विचारतो व प्रतिकूल ते नजरेआड करतो. वॅसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६० साली हा कल प्रयोगाने दाखविला. तिसरा दोष, नुकताच पाहिलेला किंवा ठळकपणे आठवणारा रुग्ण सर्वत्र दिसू लागणे. ट्वर्स्की व काहनेमन यांचे १९७४ सालचे लिखाण या दृष्टीने प्रसिद्ध आहे.

या तिन्ही दोषांवर निदानपंचकात उतारा आहे. हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ती यांपैकी उपशय-अनुपशय म्हणजे आपल्या अनुमानाची परीक्षाच होय. गुण आला नाही तर मात्रा वाढविण्यापूर्वी निदान पुन्हा तपासावे, हाच त्याचा अर्थ. तद्विद्यसंभाषेची परंपराही याच कारणासाठी आहे. ज्याच्या डोळ्यांवर आपली झापड नाही अशा सहव्यवसायीस विचारणे हा कमीपणा नव्हे.

अवघड प्रश्न सुटण्याच्या चार अवस्था ग्रॅहम वॅलस यांनी १९२६ साली सांगितल्या : पूर्वतयारी, मनात मुरणे, उकल सुचणे व पडताळा. ‘रात्र जाऊ द्या, सकाळी पाहू’ असे आपल्याकडील जाणते म्हणतात ते दुसऱ्या अवस्थेस धरून आहे. जर्मनीत २००४ साली वाग्नर व सहकाऱ्यांनी अंकांचे असे कोडे दिले की, त्यात एक छुपा सोपा नियम होता. सरावानंतर आठ तास झोपलेल्यांपैकी सुमारे ५९ टक्क्यांना तो नियम सापडला. तितकाच काळ जागे राहिलेल्यांपैकी सुमारे २३ टक्क्यांनाच. मात्र तयारीवाचून झोपल्याने काही सुचत नाही आणि सुचलेले सारेच खरे नसते. म्हणून पहिली व चौथी अवस्था सोडता येत नाही. आत्ययिक रुग्णास हा नियम लागू नाही, हे सांगावयास नकोच.

उदाहरणार्थ, ‘मुलाच्या ध्यानात राहत नाही’ ही तक्रार घ्या. आधी दृष्टी व श्रवण पाहावे. मग पांडुता, कृमी, थायरॉइड यांचा विचार करावा. मूल मध्येच क्षणभर टक लावून स्तब्ध होते काय, हे पालकांस व शिक्षकांस विचारावे, कारण अपस्माराचा एक प्रकार असाच दिसतो. त्यानंतर झोपेचे तास, अभ्यासाची रीत, घरातील व शाळेतील भय यांची चौकशी करावी. एवढे झाल्यावरच मेध्य औषधाचा प्रश्न येतो. वृद्धांच्या बाबतीत जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, नैराश्य व घेत असलेली इतर औषधे यांची चौकशी अपरिहार्य आहे.

६. औषधांविषयी

चरकसंहितेच्या रसायनाध्यायात चार मेध्य रसायने सांगितली आहेत : मंडूकपर्णीचा स्वरस, दुधासह यष्टीमधूचे चूर्ण, गुडूचीचा स्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क. बाजारात ‘ब्राह्मी’ या नावाखाली मंडूकपर्णी व नीरब्राह्मी या दोन भिन्न वनस्पती विकल्या जातात. औषधी दुकानदारांनी खरेदी करताना वेष्टनावरील शास्त्रीय नाव अवश्य पाहावे.

नीरब्राह्मीच्या सहा नियंत्रित चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. स्मरणाच्या काही कसोट्यांत तिचा लाभ दिसला, सर्वांत नाही. आणि तो बारा आठवड्यांच्या सेवनानंतरचा होता. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. रसायन हे रसायनाप्रमाणेच, दीर्घकाळ, अग्नी पाहून द्यावयाचे असते. आणि परीक्षेच्या आठ दिवस आधी घेतलेल्या बाटलीपासून पालकांनी ज्याची अपेक्षा करावी असे काही नाही. उलट काहींना नीरब्राह्मीने मळमळ किंवा द्रवमल होतो. परीक्षेच्या तोंडावर ती जोखीम कशास घ्यावी?

निद्रेसाठी चरकाचार्यांनी अभ्यंग, स्नान, दूध, संवाहन, मनास सुखकर गंध व शब्द, सुखशय्या यांना प्राधान्य दिले आहे. म्हशीचे दूध अनिद्रेत हितकर म्हटले आहे आणि ते आपल्या भागात घरोघरी मिळते. पादाभ्यंग व शिरोभ्यंग सांगताना पोटाचा विचार व झोपेची ठरलेली वेळ यांचीही जोड द्यावी.

ज्यांच्या दुकानात आधुनिक औषधेही आहेत त्यांनी विशेष दक्षता घ्यावी. अल्प्राझोलाम व झोल्पिडेम ही अनुसूची एच-१ मधील औषधे असून अधिकृत चिठ्ठीवाचून ती देता येत नाहीत व त्यांची स्वतंत्र नोंद तीन वर्षे जपावी लागते. अशा औषधांनी झोप येते, पण नव्या गोष्टी लक्षात राहण्यास बाधा येऊ शकते. दीर्घकाळ घेत असलेल्याने अल्प्राझोलामसारखी औषधे एकाएकी बंद केल्यास आकडी येण्यापर्यंत धोका संभवतो. म्हणून आपल्या उपचाराच्या भरवशावर ती तडकाफडकी थांबवावयास लावू नये. सर्दीखोकल्याच्या गुंगी आणणाऱ्या औषधांनी वृद्धांत भ्रम व विस्मरण उद्भवते, हेही ध्यानी असावे.

७. दर्शनी भागात लावण्याजोगी सूचना

आमच्या मते प्रत्येक चिकित्सालयाने व दुकानाने परीक्षांच्या काळात पुढील सूचना मोठ्या अक्षरांत लावावी :

(१) धडा वाचल्यावर पुस्तक मिटून आठवून लिहा.
(२) तोच धडा एका दिवसाने, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा आठवा.
(३) अभ्यासाच्या वेळी भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवा.
(४) परीक्षेच्या आदल्या रात्री पूर्ण झोप घ्या. ती अभ्यासाचाच भाग आहे.
(५) घोरणे, श्वास अडकणे, टक लावून स्तब्ध होणे, वृद्धांत अचानक विस्मरण यांपैकी काही असल्यास औषध मागण्यापूर्वी वैद्यास दाखवा.

या पाच ओळींनी बाटल्यांची विक्री काहीशी घटेलही. परंतु पालक ज्या विश्वासाने आपल्या दारी येतो तो विश्वास हेच आपले भांडवल आहे. धी, धृती व स्मृती यांचा भ्रंश म्हणजे प्रज्ञापराध, आणि तोच रोगांचे कारण, असे आपले शास्त्र सांगते. रुग्णाची स्मृती सांभाळताना वैद्याने व विक्रेत्याने आपली धी व धृती ढळू देऊ नये, एवढेच आमचे सर्व सभासद बंधू-भगिनींस आग्रहाचे सांगणे आहे.